वेळ लावलेला व्हायरस स्कॅन होतच नाही? आधी त्या वेळी कॉम्प्युटर काय करत असतो ते बघा

मामाच्या लॅपटॉपवर टास्क शेड्यूलर, म्हणजे ठरलेल्या वेळी कामं करून घेणारा विंडोजमधला प्रोग्राम, उघडला. मी लावून दिलेल्या स्कॅनसमोर ‘लास्ट रन टाइम’च्या रकान्यात तारीख होती ३० नोव्हेंबर १९९९.

“घड्याळ बिघडलं का रे याचं?” मामाने विचारलं.

घड्याळ ठणठणीत होतं. एखादं काम आजवर एकदाही झालेलं नसलं की विंडोज तिथे हीच तारीख दाखवतं. शेजारच्या ‘लास्ट रन रिझल्ट’मध्ये शून्य-एक्सच्या पुढे ४१३०३ असा आकडा होता. त्याचाही अर्थ तोच, काम अजून चाललेलंच नाही. आणि आठ महिन्यांपूर्वी मीच त्याला मोठ्या ऐटीत सांगितलं होतं, की आता तू काही बघायचं नाहीस, रोज रात्री दोन वाजता पूर्ण स्कॅन आपोआप होईल.

“मामा, रात्री दोनला हा कुठे असतो?”

“कपाटात. झाकण लावतो, पिशवीत घालतो आणि ठेवून देतो. रात्रभर उघडा ठेवून काय करू?”

चूक अँटिव्हायरसची नव्हती, मामाचीही नव्हती. वेळ लावताना मी माझ्या डेस्कटॉपचा विचार केला होता, त्याच्या लॅपटॉपचा नाही.

हे लिहायचं कारण असं, की ही तक्रार माझ्याकडे फिरून फिरून येते. स्कॅन लावला, होत नाही. अँटिव्हायरस काढला, दुसरा टाकला, पुन्हा वेळ लावली, तरी होत नाही. मग तिसरा. तीन-तीन मोफत अँटिव्हायरस बदलून झालेले लोक मी पाहिलेत, आणि त्यातल्या बहुतेकांचा घोळ अँटिव्हायरसमध्ये नव्हताच. विंडोजला काम सांगितलेलं असतं, पण सोबत काही अटीही घातलेल्या असतात. त्यांतल्या बऱ्याच कुणी मुद्दाम घातलेल्या नसतात, मुळातच टिक केलेल्या येतात. त्या एकाच वेळी पुऱ्या होत नाहीत, आणि विंडोज काही न बोलता काम सोडून देतं.

खालचं बरंचसं विंडोज १० आणि ११ मधल्या मायक्रोसॉफ्ट डिफेंडर या विंडोजसोबतच येणाऱ्या अँटिव्हायरसबद्दल आहे, कारण मोफत म्हटलं की तोच आधीपासून हाताशी असतो. दुसरे अँटिव्हायरस आणि लिनक्स यांच्याबद्दल पुढे थोडं येईल.

स्कॅन खरंच होत नाही का?

आधी हे ठरवा. अंदाजाने नको, नोंदी बघून.

सगळ्यात सोपी जागा ‘विंडोज सिक्युरिटी’. त्यात ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’ उघडलं की शेवटचा स्कॅन कधी झाला, कोणता झाला आणि किती फाइल तपासल्या ते दिसतं. इथेच पहिली गंमत कळते. बऱ्याच कॉम्प्युटरवर तिथे अलीकडचीच तारीख असते, कारण डिफेंडर स्वतःहून क्विक स्कॅन, म्हणजे मोजक्या जागांची झटपट तपासणी, करत असतो. विंडोजचं ‘ऑटोमॅटिक मेंटेनन्स’ नावाचं घरकाम असतं, त्याची ठरलेली वेळ रात्री दोनची. तेव्हा कॉम्प्युटर बंद असला, तर पुढे कधीतरी तो चार्जरला लावलेला आणि रिकामा सापडला की ती कामं उरकली जातात. मामाच्या लॅपटॉपवरही क्विक स्कॅन मधूनमधून होत होता. होत नव्हता तो मी लावलेला पूर्ण स्कॅन. म्हणजे लॅपटॉप काही उघड्यावर पडलेला नव्हता. हे कळल्यावर निम्मी घाबरगुंडी तिथेच उतरते.

पूर्ण स्कॅनचं नेमकं कळायला पॉवरशेल (आज्ञा टाइप करून द्यायची विंडोजची खिडकी) उघडा आणि ‘गेट-एमपीकॉम्प्युटरस्टेटस’ ही आज्ञा द्या. ‘गेट’नंतर एक हायफन, बाकी सगळं जोडून. लांबलचक यादी येते. तिच्यात ‘क्विकस्कॅनएज’ आणि ‘फुलस्कॅनएज’ या दोन ओळी शोधा. तो स्कॅन होऊन किती दिवस झाले, ते तिथे लिहिलेलं असतं. तिथे ४२९४९६७२९५ असा अगडबंब आकडा दिसला तर दचकू नका. ३२ बिटांत मावणारा तो सर्वांत मोठा आकडा आहे. इथे त्याचा अर्थ ‘कधीच नाही’. मामाच्या लॅपटॉपवर फुलस्कॅनएजसमोर हाच होता.

तिसरी जागा इव्हेंट व्ह्यूअर, विंडोजची घटनांची नोंदवही. माझी आवडती हीच, कारण बाकीच्या दोन जागा ‘झाला की नाही’ एवढंच सांगतात आणि ही ‘सुरू होऊन मध्येच थांबला का’ तेही सांगते. ‘अ‍ॅप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज’ उघडा, त्यात ‘मायक्रोसॉफ्ट’, त्यात ‘विंडोज’, त्यात ‘विंडोज डिफेंडर’ आणि शेवटी ‘ऑपरेशनल’. इथे प्रत्येक घटनेला क्रमांक असतो. १००० म्हणजे स्कॅन सुरू झाला. १००१ म्हणजे पूर्ण झाला. १००२ म्हणजे पूर्ण होण्याआधीच थांबला. १००५ म्हणजे काहीतरी चुकून फसला. १००० आहे आणि त्याच्या जोडीचा १००१ नाही, तर काम सुरू होतंय पण तडीस जात नाहीये. तुमच्या ठरलेल्या वेळेला १००० च नसेल, तर काम सुरूच होत नाहीये. या दोन आजारांची औषधं वेगळी आहेत, म्हणून हे आधी बघायचं. न बघता सेटिंग बदलत बसणं म्हणजे ताप न मोजता गोळी घेणं.

टास्क शेड्यूलरमध्येही ‘हिस्टरी’ नावाचा टॅब असतो, पण तो बहुधा बंद असतो. उजवीकडच्या पट्टीत ‘एनेबल ऑल टास्क्स हिस्टरी’ आहे, ते आजच दाबून ठेवा. जुनी हिस्टरी मिळणार नाही, पण पुढच्या वेळी कामाला येईल.

काम सुरूच होत नसेल तर

मामाचा रोग हा. सर्वांत जास्त दिसणाराही हाच.

टास्क शेड्यूलरमध्ये नवीन काम बनवलं की त्याच्या ‘कंडिशन्स’ टॅबवर दोन टिका आधीपासून असतात. कॉम्प्युटर चार्जरला लावलेला असला तरच सुरू कर, ही पहिली. बॅटरीवर गेला तर थांब, ही दुसरी. डेस्कटॉपवर यांनी काही बिघडत नाही. लॅपटॉपवर मात्र स्कॅन बारगळायला एवढं पुरतं. शिवाय ‘सेटिंग्ज’ टॅबवर जी टिक असायला हवी ती नसते: ‘रन टास्क अ‍ॅज सून अ‍ॅज पॉसिबल आफ्टर अ शेड्यूल्ड स्टार्ट इज मिस्ड’. वेळ चुकली तर जमेल तसं लवकरात लवकर करून घे, असं हे सांगणं. ही टिक नसली तर ठरलेल्या क्षणी कॉम्प्युटर बंद होता की विषय संपला. विंडोज पुढच्या वेळेची वाट बघत बसतं, आणि पुढच्या वेळीही लॅपटॉप कपाटातच असतो.

मी आता कुणाचाही लॅपटॉप हातात घेतला की सगळ्यात आधी ही टिक लावतो. एकच उपाय सांग म्हणालात तर हाच सांगेन. टिक लावल्यावर चुकलेलं काम लॅपटॉप उघडल्या उघडल्या सुरू होत नाही, साधारण दहा मिनिटांनी होतं. तेव्हा दोन मिनिटं वाट बघून ‘हेही चालत नाही’ म्हणून सोडून देऊ नका.

दुसरी अट ‘आयडल’ची. ‘कॉम्प्युटर इतकी मिनिटं रिकामा असला तरच सुरू कर’ अशी टिक लावायचा मोह होतो, कारण काम करताना स्कॅनचा अडथळा कुणालाच नको असतो. पण विंडोजच्या हिशेबात रिकामा म्हणजे नुसतं कीबोर्डला हात न लावणं नव्हे. डिस्क आणि प्रोसेसरही शांत असावे लागतात. व्हिडिओ चालू असला तर तुम्ही पाय पसरून बसला असलात तरी कॉम्प्युटर कामात धरला जातो. दिवसा तुम्ही वापरता, संध्याकाळी घरातले सिनेमा बघतात, मग तो बंद होतो. रिकामा कधी सापडणार? त्यात ‘रिकामा राहिला नाही तर थांबव’ हीसुद्धा टिक असेल, तर माउस हलला की स्कॅन बंद. ही अट मी सरळ काढून टाकतो. जाच होत असेल तर तो वेगळ्या मार्गाने कमी करता येतो, ते खाली सांगतो.

आता झोपेतून उठवण्याचं. कंडिशन्समध्ये ‘वेक द कॉम्प्युटर टू रन धिस टास्क’ अशी सोय आहे. ती लावली तरी काम होत नसेल तर पॉवर प्लॅनच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये ‘स्लीप’खाली ‘अलाऊ वेक टायमर्स’ बघा. बॅटरी आणि चार्जर यांच्यासाठी तिथे वेगवेगळी निवड असते. ती बंद असेल तर वरची टिक नुसती शोभेची. आणि शटडाउन केलेला कॉम्प्युटर टास्क शेड्यूलरच्या हाकेने उठत नाही, मग टिक कुठेही लावा. डेस्कटॉप स्लीपवर ठेवत असाल तर ही सोय जरूर वापरा. लॅपटॉपला मात्र मी लावू देत नाही. पिशवीत कोंबलेला लॅपटॉप मध्यरात्री जागा होऊन तासभर डिस्क घासत बसला तर तापतो, आणि सकाळी बॅटरीही रिकामी मिळते.

पासवर्डची भानगड

हे प्रकरण इतकं गुपचूप घडतं की त्याला वेगळी जागा द्यायलाच हवी.

काम बनवताना ‘रन व्हेदर युजर इज लॉग्ड ऑन ऑर नॉट’ निवडलंत, तर विंडोज तुमचा पासवर्ड विचारून जपून ठेवतं. पुढे कधीतरी तुम्ही पासवर्ड बदलता. रोज लॉगिन पिन टाकून किंवा बोट लावून होतं, त्यामुळे बदलल्याचं लक्षातही राहत नाही. टास्क शेड्यूलर मात्र जुनाच पासवर्ड घेऊन दारात उभा राहतो, आणि त्याला आत घेतलं जात नाही. निकालाच्या रकान्यात शेवट ५२-ई असलेला लांब आकडा दिसला (पूर्ण आकडा ८००७०५२-ई) तर हेच झालंय. पासवर्डच्या जागी पिन टाकून बघणारेही इथेच अडकतात. तिथे खात्याचा खरा पासवर्ड लागतो, पिन चालत नाही. आणि खात्याला पासवर्डच नसेल, तर मूळच्या सुरक्षा नियमानुसार ते काम अशा रीतीने चालवलं जात नाही.

यातून सुटायचा सरळ रस्ता म्हणजे काम स्वतःच्या खात्यावर लावायचंच नाही. ‘चेंज युजर ऑर ग्रुप’ दाबून तिथे इंग्रजीत ‘सिस्टम’ लिहा. पासवर्डचा प्रश्नच उरत नाही. आणखी एक फायदा असा, की स्कॅनची काळी खिडकी पडद्यावर येत नाही. ती काळी खिडकी अचानक उघडली की लोक घाबरतात, हाच व्हायरस असं समजून फुलीवर टिचकी मारतात आणि स्कॅनच बंद पाडतात. हसू नका, इव्हेंट व्ह्यूअरमधल्या कितीतरी १००२ मागे हेच कारण मला सापडलंय.

लावलेली वेळ पुन्हा पुन्हा गायब होते

बरेच जण टास्क शेड्यूलरमध्ये ‘मायक्रोसॉफ्ट’, ‘विंडोज’, ‘विंडोज डिफेंडर’ असं आत जाऊन ‘विंडोज डिफेंडर शेड्यूल्ड स्कॅन’ नावाच्या तयार कामाला वेळ जोडतात. त्या फोल्डरमध्ये चार कामं असतात, त्यांतलं हे एक. त्याला मुळात ट्रिगर, म्हणजे सुरू व्हायची ठरलेली वेळ, नसतो, ते घरकामाच्या वेळीच चालतं. तुम्ही ट्रिगर जोडता, काही दिवस सगळं छान चालतं. मग डिफेंडरचा अपडेट येतो आणि ट्रिगर नाहीसा होऊ शकतो, कारण ते काम डिफेंडरचं आहे, तुमचं नाही. पुन्हा जोडाल, पुन्हा जाईल.

म्हणून त्याला हात लावू नका. वरच्या मोकळ्या फोल्डरमध्ये स्वतःचं काम बनवा. मी असं करतो:

‘क्रिएट टास्क’ दाबतो. ‘क्रिएट बेसिक टास्क’ नाही, कारण त्यात वर सांगितलेल्या टिका एका नजरेत दिसत नाहीत. नाव ओळखू येईल असं देतो. खातं सिस्टम. ‘रन विथ हायेस्ट प्रिव्हिलेजेस’वर टिक. ‘ट्रिगर्स’मध्ये वेळ. ‘अ‍ॅक्शन्स’मध्ये ‘ब्राउझ’ दाबून सी ड्राइव्हमधल्या प्रोग्राम फाइल्समध्ये विंडोज डिफेंडरच्या फोल्डरमधली ‘एमपीसीएमडीरन’ ही फाइल निवडतो. त्याखालच्या ‘आर्ग्युमेंट्स’च्या चौकटीत हायफन लावून ‘स्कॅन’, एक जागा सोडून पुन्हा हायफन लावून ‘स्कॅनटाइप’, आणखी एक जागा सोडून आकडा. सगळं अर्थातच इंग्रजीत. आकडा १ म्हणजे क्विक, २ म्हणजे पूर्ण. मग कंडिशन्समधली नको ती टिक काढायची, सेटिंग्जमधली हवी ती लावायची. शेवटी कामावर राइट क्लिक करून ‘रन’. क्विक स्कॅनवर हे करून बघा. काही मिनिटांत इव्हेंट व्ह्यूअरमध्ये १००० आणि मग १००१ आला की काम बरोबर बनलं.

फाइल निवडताना एक सापळा आहे. हीच फाइल ‘प्रोग्रामडेटा’मध्ये डिफेंडरच्या ‘प्लॅटफॉर्म’ फोल्डरखालीही असते, तीही नवीन आवृत्तीची, म्हणून हुशार माणसाला तीच निवडावीशी वाटते. पण त्या रस्त्यात आवृत्तीचा क्रमांक असलेला फोल्डर येतो. डिफेंडरचं प्लॅटफॉर्म अपडेट झालं की नवा क्रमांक, नवा फोल्डर. जुना पुढे कधीतरी साफ केला जातो आणि तुमचं काम नाही त्या पत्त्यावर जाऊन उभं राहतं. निकालाच्या रकान्यात ८००७०००२ दिसला की समजा, फाइलच सापडलेली नाही.

याच्याशी नुसत्या २ ची गल्लत करू नका. निकाल शून्य असेल तर काही सापडलं नाही, किंवा सापडलेलं साफ झालं. निकाल २ असेल तर स्कॅनरने स्वतः परत दिलेला तो आकडा आहे. काहीतरी सापडलंय आणि तुमच्या निर्णयाची वाट बघतंय, किंवा स्कॅन करतानाच चूक झाली, या दोन्हींसाठी तो हाच आकडा देतो. कोणतं खरं ते विंडोज सिक्युरिटीतल्या ‘प्रोटेक्शन हिस्टरी’त कळेल. निकाल २ आल्यावर काम काढून नव्याने बनवणारे लोक आहेत. तसं केलंत तर कदाचित सापडलेल्या व्हायरसकडेच पाठ फिरवाल.

सुरू होतो पण पुरा होत नाही

इथे पूर्ण स्कॅनबद्दल माझं मत सांगून टाकतो. रोज पूर्ण स्कॅन लावणं हा हट्ट आहे, आणि मामाच्या लॅपटॉपवर तो हट्ट माझाच होता. क्विक स्कॅन जिथे व्हायरस मुक्काम ठोकतो त्या जागा बघतो: चालू असलेले प्रोग्राम, कॉम्प्युटर सुरू होताना आपोआप उघडणाऱ्या गोष्टी, रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंगच्या नोंदींतल्या) ठरावीक जागा. बाकीची फाइल तुम्ही उघडायला जाल तेव्हा रिअल-टाइम प्रोटेक्शन तिला तपासतंच. मायक्रोसॉफ्टचीही शिफारस हीच आहे, की रिअल-टाइम प्रोटेक्शन चालू ठेवून नेहमीसाठी क्विक स्कॅन लावा. पूर्ण स्कॅनला फाइलींच्या संख्येप्रमाणे कित्येक तास लागू शकतात. तेवढा वेळ सलग जागा राहणारा लॅपटॉप मी तरी पाहिलेला नाही. मग १००२ वर १००२ जमत जातात. महिन्यातून एकदा, किंवा शंका आली तर, स्वतः समोर बसून केलेला पूर्ण स्कॅन रोज अर्धवट राहणाऱ्या तीस स्कॅनपेक्षा बरा.

त्यातही एक खोच आहे. एक काम अजून चालू असेल तर टास्क शेड्यूलर त्याच कामाची दुसरी प्रत सुरू करत नाही. सेटिंग्जच्या तळाशी ‘डू नॉट स्टार्ट अ न्यू इन्स्टन्स’ निवडलेलं असतं. म्हणजे कालचा स्कॅन एखाद्या प्रचंड झिप फाइलवर किंवा व्हर्च्युअल मशीनच्या डिस्कवर अडकून बसला असेल, तर आजचा आणि उद्याचा मुकाट्याने वगळला जातो. रकान्यात ४१३०१ हा आकडा दिसेल, म्हणजे ‘सध्या चालू आहे’. दोन दिवस तोच आकडा दिसला तर तो चालू नाही, अडकलाय. ‘एंड’ दाबून थांबवा. त्याच सेटिंग्जमध्ये काम किती वेळ चालू द्यायचं त्याची मर्यादा मुळात तीन दिवस असते, ती काही तासांवर आणा.

कॉम्प्युटर मंदावतो म्हणून लोक स्कॅन बंद करतात, त्याचा इलाज वर बाकी ठेवला होता. डिफेंडर स्वतःहून करतो त्या ठरलेल्या स्कॅनच्या वेळी प्रोसेसर सरासरी किती टक्के वापरायचा ते त्याला सांगता येतं. मुळात तो आकडा ५० असतो. पॉवरशेल अ‍ॅडमिन म्हणून उघडून ‘सेट-एमपीप्रेफरन्स’ या आज्ञेतल्या ‘स्कॅनअ‍ॅव्हजीसीपीयूलोडफॅक्टर’पुढे २० लिहिलंत की जुन्या लॅपटॉपवरही बऱ्यापैकी सुसह्य होतं. हा कडक लगाम नाही, सरासरी आहे. मधूनच पंखा जोरात फिरेल. स्कॅनला वेळही जास्त लागेल.

पेनड्राइव्ह आणि नेटवर्क ड्राइव्ह या पूर्ण स्कॅनमध्ये येतात असं गृहीत धरू नका. त्या मुळात वगळलेल्या असतात. शिवाय सिस्टम खात्याला तुम्ही जोडलेली नेटवर्क ड्राइव्हची अक्षरं दिसतच नाहीत. पेनड्राइव्ह आला की राइट क्लिक करून हातानेच स्कॅन करा.

डेस्कटॉप जुना असेल आणि दरवेळी सुरू केल्यावर तारीख मागे गेलेली दिसत असेल, तर मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपलीय. घड्याळ चुकलं की वेळेवर लावलेलं काहीच वेळेवर होत नाही आणि व्हायरस ओळखायची यादी अपडेट व्हायलाही अडचण येते. तिथे सॉफ्टवेअरमध्ये काही शोधू नका.

दुसरा अँटिव्हायरस टाकला असेल तर

मग वरचं डिफेंडरचं काम बहुतेक फसणारच. दुसरा अँटिव्हायरस आला की डिफेंडर बाजूला होतो आणि बाजूला झालेल्याकडून स्कॅनची अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. विंडोज १० च्या २०१६ मधल्या अ‍ॅनिव्हर्सरी अपडेटपासून ‘पिरिऑडिक स्कॅनिंग’ नावाचं बटण मिळतं. ते विंडोज सिक्युरिटीत डिफेंडरच्या पर्यायांखाली असतं. ते चालू केलं तर डिफेंडर मधूनमधून, त्याच्या सवडीने, स्कॅन करतो. वेळ तुम्ही ठरवायची नाही. दुसरं मत म्हणून ठीक आहे.

वेळ मग त्या दुसऱ्या अँटिव्हायरसमध्येच लावायची, जर मोफत आवृत्तीत ती सोय असेल तर. अवास्ट आणि एव्हीजी यांच्यात कस्टम स्कॅन बनवून त्याला रोजची, आठवड्याची किंवा महिन्याची वेळ देता येते. क्लॅमविनमध्ये वेळ लावता येते, पण रिअल-टाइम संरक्षण मुळीच नसतं. ठरलेल्या वेळेच्या मधल्या काळात आलेल्या फाइलवर त्याची नजर नाही, म्हणून एकट्या क्लॅमविनवर विसंबू नये. काही मोफत अँटिव्हायरस पहिले काही दिवस पैसे भरणाऱ्यांच्या सोयी चाखवतात. तेव्हा तुम्ही वेळ लावता, मुदत संपते, वेळापत्रक निमूट बंद पडतं. माझ्या एका मैत्रिणीने अशाच एका अँटिव्हायरसवर तीनदा वेळ लावली, तीनदा तो काढून पुन्हा टाकला. दरवेळी काही दिवस छान चालायचं. बिघाड तिच्या हातात नव्हताच. वेळ लावायचं पान करड्या रंगाचं दिसलं, किंवा त्यावर छोटं कुलूप दिसलं, की तिथे झगडत बसू नका.

दोन अँटिव्हायरस एकाच वेळी रिअल-टाइम संरक्षणासह ठेवू नका. एकमेकांच्या फाइली तपासत बसतात आणि दोघांचेही स्कॅन रखडतात.

लिनक्सवर क्लॅमएव्ही हा मोफत अँटिव्हायरस क्रॉनमध्ये (तिथल्या टास्क शेड्यूलरमध्ये) लावला आणि चालत नाही, यामागे माझ्या पाहण्यात दोनच कारणं येतात. एक, टर्मिनलमध्ये चालणारी आज्ञा क्रॉनमध्ये चालत नाही, कारण क्रॉनला प्रोग्राम शोधायच्या मोजक्याच जागा माहीत असतात. क्लॅमस्कॅनचा, म्हणजे क्लॅमएव्हीच्या स्कॅन करणाऱ्या आज्ञेचा, पूर्ण पत्ता लिहा. दोन, मशीन त्या वेळी बंद होतं. क्रॉन चुकलेल्या वेळेची भरपाई करत नाही, अ‍ॅनाक्रॉन करतो. सिस्टमडीचा टायमर (लिनक्सवर वेळ लावायची दुसरी सोय) वापरत असाल तर त्यात ‘पर्सिस्टंट’ची ओळ घाला. निकालाचे आकडे इथे वेगळे आहेत: ० म्हणजे काही सापडलं नाही, १ म्हणजे व्हायरस सापडला, २ म्हणजे चूक झाली. विंडोजच्या सवयीने १ ला साधी चूक समजू नका.

मामाच्या लॅपटॉपवर मी जुनं काम पुसलं आणि नवीन बनवलं. क्विक स्कॅन, रोज सकाळी सव्वाअकराला, कारण तो तेव्हा पेपर संपवून लॅपटॉप उघडतो. चार्जरची अट काढली, आयडलची काढली, चुकलेल्या वेळेची टिक लावली. पूर्ण स्कॅन समोर बसून एकदा केला, साडेतीन तास लागले, काही सापडलं नाही. चार दिवसांनी त्याने रकान्याचा फोटो पाठवला. त्या दिवशी पेपर वाचता वाचता उशीर झाला होता. लॅपटॉप उघडला अकरा चाळीसला, आणि शेवटच्या रनची वेळ दाखवत होती अकरा पन्नास. निकाल शून्य. खाली त्याने विचारलं होतं, “सव्वाअकरा सांगितलं होतंस ना, मग हे अकरा पन्नास कसे?”